दागिन्यास खोटे म्हणणारे

देवळाच्या उत्सवात अथवा लग्नमंडपात एखाद्या स्त्रीच्या गळ्यात नवा हार दिसला की दोन प्रश्न हटकून निघतात. पहिला मोठ्याने विचारला जातो : "कुठे केलास गं?" दुसरा तिची पाठ वळल्यावर, शेजारणीच्या कानात : "खरा आहे का?" उत्तर नकारार्थी मिळाले की ओठ मुरडतात, आणि हार कितीही सुबक असला तरी त्या क्षणापासून त्याचा सुबकपणा कोणास दिसेनासा होतो. या मुरडलेल्या ओठांविरुद्ध आमची तक्रार आहे. तांब्यापितळेवर सोन्याचा पातळ मुलामा दिलेले, काचेचे खडे आणि बनावट मोती बसविलेले जे दागिने बाजारात 'बेन्टेक्स' किंवा 'एक ग्रॅम' या नावांनी मिळतात, ते आमच्या स्त्रियांनी उघडपणे, निःसंकोच, आणि देवळातसुद्धा घालावेत असे आमचे मत आहे. हे मत मांडण्यास परदेशी फॅशनचा आधार घेण्याची गरज नाही. आमच्या आज्या-पणज्यांची रीत पुरेशी आहे.

सौभाग्याची चिन्हेच पाहा. मंगळसूत्रात सोन्याच्या वाट्या असतात हे खरे. परंतु त्याची ओळख ज्या काळ्या मण्यांवरून पटते ते मणी काचेचे. गोमंतकात लग्नाआधी वधूच्या हातांत चुडा भरतात, तोही हिरव्या काचेचा. हातभर पाटल्या असलेल्या मुलीलादेखील त्यावाचून बोहल्यावर उभे राहता येत नाही. वधूवरांच्या कपाळी बांधलेल्या मुंडावळ्यांतील मोत्यांचा आज समुद्राशी काडीचाही संबंध उरलेला नाही, आणि ते दाताखाली घासून पाहणारा भटजी अद्याप आमच्या पाहण्यात आलेला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात : हार, बाजूबंद, बांगड्या, सारे साखरेचे. डोहाळजेवणात फुलांची वाडी भरतात. ती रात्रीपर्यंत कोमेजते. म्हार्दोळला महालसेची जायांची पूजा होते, तेव्हा माणसे लोटतात ती जायांसाठी. देवीच्या दागिन्यांचे वजन विचारावयास कोणी जात नाही. काच, साखर, फुले! यांस खोटे म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केले आहे काय? मग मुलाम्याच्या ठुशीनेच असे कोणते पाप केले?

खरी गल्लत निराळीच आहे. आमच्या घरांत सोने दोन कामे करीत आले : ते ठेवाही होते आणि अलंकारही. जमीन पुरुषाच्या नावे, रोकड पुरुषाच्या हाती, अशा काळी अंगावरचे सोने हीच स्त्रीची हक्काची पुंजी होती. तिने ती अंगावर बाळगली यात शहाणपण होते, आणि त्या शहाणपणास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला. आता ती पुंजी बँकेच्या लॉकरात असते. लग्नाच्या आदल्या दिवशी बाहेर येते, मांडव उतरण्याच्या आत परत जाते, आणि मधल्या दोन दिवसांत घरमालकिणीचे अर्धे लक्ष विधीकडे व अर्धे गळ्याकडे असते. ठेवा म्हणून सोने तेथेच असावे. किंबहुना ठेवाच करावयाचा तर तो नाण्यांच्या रूपाने करावा, कारण दागिना मोडताना घडणावळ बुडते ती बुडतेच. प्रश्न उरतो तो अलंकाराचा. ते काम आता कोणी करावयाचे?

मध्यम स्थितीतील स्त्रीचे कपाट उघडून पाहावे. साड्या कशा वर्षानुवर्षे, प्रसंगाप्रसंगाने जमलेल्या असतात : ग्वाल्हेर-इंदुराकडील माहेरची चंदेरी व माहेश्वरी, बेळगावच्या आत्याने दिलेले इरकल, लग्नातली पैठणी, खणाची एखादी हौस. आणि या सर्वांवर हार मात्र एकच, वीस वर्षांपूर्वीचा. चंदेरीचे पोत विरविरीत; तिच्यावर तो जाड हार म्हणजे जाईच्या वेलीवर टांगलेला नारळ. तिला मोत्यांचा दुपदरी सर किंवा तन्मणी हवा. इरकलीच्या तांबड्या पदराशी ठुशी बोलते, बोरमाळ बोलते. खणावर काळसर, जुन्या चांदीसारखा दिसणारा दागिना जितका खुलतो तितके पिवळे सोने कधीच खुलत नाही. पैठणीला चिंचपेटी गळ्याशी आणि मोहनमाळ खाली. हे सारे सोन्यात करावयाचे तर एका जन्माची मिळकत अपुरी पडेल. मुलाम्यात करावयाचे तर दोन-तीन सणांची बचत पुरते. त्यातही युक्ती आहे. तन्मणीचे खोड एक ठेवावे आणि सर बदलावेत; ठुशी एकदा एकटी घालावी, एकदा लांब माळेच्या वर. पाच-सहा जिनसांत वर्षभराचे सण निभावतात आणि प्रत्येक साडी नवी वाटते. (ज्यांच्या कातडीला निकेल सोसत नाही त्यांनी हलकी पांढरी धातू टाळून तांब्यावरचा किंवा चांदीवरचा मुलामा घ्यावा, एवढेच.)

शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांना थोडा इतिहास आठवून द्यावासा वाटतो. १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, नवे दागिने चौदा कॅरटांहून अधिक शुद्ध करू नयेत असा हुकूम निघाला. चौदा कॅरट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोने. 'हे काय सोने झाले?' म्हणून घरोघर नाके मुरडली गेली. पुढे ती अट गेली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. आणि २०२५ च्या जुलैपासून नऊ कॅरटांच्या दागिन्यावरही हॉलमार्कचा सरकारी शिक्का बसू लागला. त्यात सोने शंभरात साडेसदतीस भाग. बाकीची इतर धातू. आता खऱ्या-खोट्याची सीमा नेमकी कोणत्या कॅरटावर आखावयाची, ते आम्हांस कोणी सांगेल काय?

मोत्यांचीही तीच कथा. जपानात मिकिमोतोने १८९३ साली शिंपल्यात मोती पिकवून दाखविला. पुढे हे मोती युरोपच्या बाजारात आले तेव्हा तेथील जवाहिऱ्यांनी 'खोटे, खोटे' असा गिल्ला केला. आज हैदराबादेस चारमिनाराभोवती जे मोती आम्ही हौसेने घेतो ते बहुतेक असेच पिकविलेले असतात, आणि त्यांची नथ घालून मिरविताना कोणाची मान खाली जात नाही. फार काय, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी बसऱ्याच्या लक्षावधी मोत्यांचा जो जगप्रसिद्ध गालिचा करविला, त्यात रंग भरण्यासाठी विलायती काचमणीच ओवलेले आहेत. ज्याच्या खजिन्यात हिऱ्यांना तोटा नव्हता त्या राजास काच चालली!

सोनारांचे काय, असा एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. आमच्या देवळांच्या परंपरेत दैवज्ञांचा हात मोठा आहे. परंतु त्या हाताचे काम मुलाम्याने हिरावले नाही. १९६३ च्या हुकुमाने अनेकांच्या चुली विझल्या. उरलेल्यांच्या पोटावर साच्यात ओतलेल्या दागिन्यांनी आणि मोठ्या पेढ्यांनी पाय दिला. सोन्याच्या दागिन्यात गिऱ्हाईक पैसे मोजते ते मुख्यतः वजनाचे. चांदीवर मुलामा दिलेली बेलपानाची नथ जो कारागीर घडवितो, त्यास पैसे मिळतात ते हाताच्या कसबाचे. कोणता व्यवहार कलेच्या अधिक हिताचा, ते सोनारानेच सांगावे.

आणि देवासमोर मुलामा कसा चालेल, असे विचारणाऱ्यांनी एकदा मान वर करून शिखराकडे पाहावे. सोनेरी कळस म्हणून आपण ज्यास हात जोडतो तो बहुधा तांब्याचा असतो. वर असते ते सोन्याचे पाणी. कळसास जे शोभते ते भक्ताच्या गळ्यास का शोभू नये?

हा वाद दागिन्यापुरता असता तर इतके लिहिले नसते. नवऱ्याच्या आजारपणात किंवा मुलाच्या शिक्षणापायी सोने मोडलेली स्त्री पालखीच्या दिवशी 'डोके दुखते' म्हणून घरी राहते, कारण 'लंकेची पार्वती' हा शब्द तिने पूर्वी दुसऱ्या कोणाविषयी ऐकलेला असतो. आणि मुलीच्या बापास "तुम्ही अंगावर किती घालणार?" असे गोड शब्दांत विचारणारे सोयरे आजही आमच्यात आहेत. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा आहे. तोळ्यांची यादी मागणाऱ्यांनी आधी तो वाचावा, आणि मग आमच्या काचेच्या खड्यांस नावे ठेवावीत.