बंदूक जुनी, उणीव दुसरीच

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बऱ्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मराठवाड्यातलं सोनपेठही त्याला अपवाद नाही. या जमा होणाऱ्या हत्यारांत दोन नळ्यांची बारा बोअर हमखास असते. तशा अनेक बंदुकांच्या आतली यंत्रणा 1875 साली इंग्लंडात अ‍ॅन्सन आणि डीली यांनी बसवली आणि ती आजतागायत तशीच चालू आहे. हे कळलं की शिकलेली तरुण मुलं चिडतात. मोबाइल दर वर्षी बदलतो, शेतातलं बियाणं बदललं, ट्रॅक्टर बदलला, मग बंदूकच तेवढी पणजोबांच्या वेळची का? शस्त्रं घडवणाऱ्यांची बुद्धी आटली आहे आणि आपले सरकारी कारखाने झोपले आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. मला तो मान्य नाही. दिरंगाई आहे, पण ती ही मंडळी बोट दाखवतात तिथे नाही.

आधी इतिहास पाहू. आपल्याच मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातल्या असईला, 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. दोन्हीकडच्या कवायती पलटणींच्या हाती पथरकलेच्या बंदुका होत्या. इंग्रजांची ‘ब्राउन बेस’ तेव्हाच ऐंशी वर्षांची झाली होती आणि त्यानंतरही ती काही दशकं चालली. शतकभर एकच बंदूक पुरली म्हणून त्या काळच्या कारागिरांना कोणी मठ्ठ म्हणत नाही. पुढे 1840 ते 1900 या साठ वर्षांत मात्र सगळं उलटंपालटं झालं. मागून भरायची नळी आली, पितळी काडतूस आलं, 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी धूर न करणारी दारू बनवली आणि त्याच वर्षी मॅक्सिमची मशीनगन आली. रसायनशास्त्र आणि पोलाद यांनी एकदम उडी घेतली, म्हणून बंदुकीनेही घेतली. तशी दुसरी उडी रसायनशास्त्राने अजून घेतलेली नाही. म्हणजे बंदुकीच्या बाबतीत संथपणा हाच नेम आहे आणि वेग हा अपवाद.

शिवाय एक मर्यादा आहे ती माणसाच्या खांद्याची. गोळी जितक्या जोराने पुढे जाते तितक्या जोराने बंदूक मागे येते. न्यूटनचा हा नियम कोणत्याही प्रयोगशाळेला चुकवता येत नाही. गोळीची ताकद वाढवली की धक्का वाढतो, धक्का सोसायला वजन वाढवावं लागतं आणि ते वजन शिपायाच्याच पाठीवर येतं.

‘कोणी प्रयत्नच केला नाही’ हे म्हणणं तर साफ खोटं आहे. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने पितळी पुंगळीच काढून टाकणारी जी-11 ही रायफल वर्षानुवर्षं खपून घडवली. तेव्हा लक्षात आलं की ही पुंगळी फार मोठी कामं गुपचूप करत होती. बार उडताना ती फुगून नळीचं मागचं तोंड बंद करते आणि बाहेर पडताना बरीचशी उष्णता सोबत घेऊन जाते. ती काढल्यावर उष्णता आतच साठू लागली आणि तापलेल्या नळीत पुढची गोळी चाप न ओढता आपोआप उडण्याची भीती निर्माण झाली. जर्मनांनी वेगळी दारू वापरून यावर बरीच मातही केली. पण 1990 च्या एकीकरणानंतर पैसा आणि निकड दोन्ही ओसरले. शिवाय मित्रराष्ट्रांचं सामायिक काडतूस सोडून कोण जाणार? अमेरिकेने त्याच सुमारास प्रचलित रायफलीपेक्षा नेम दुप्पट लागेल अशी रायफल मागितली. चार नमुने आले, एकही त्या कसोटीला उतरला नाही. पितळी काडतुसाला आपण आजही चिकटून आहोत ते आळसाने नव्हे, ते फार चांगलं निघालं म्हणून.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात वजनदार मुद्दा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांपैकी कोणाच्या हाती थ्री नॉट थ्री होती, कोणाच्या हाती नुसती काठी. समोर एके-47. जुन्या हत्याराने माणसं गेली, याहून वेगळा पुरावा काय हवा, असं मला विचारतात. त्या रात्रीबद्दल बोलताना आजही माझा आवाज चढतो, म्हणून हा मुद्दा नीट मांडायला हवा. हल्लेखोरांच्या हातातलं हत्यार कोणतं होतं? कलाश्निकोव्हने 1947 मध्ये साकारलेलं, म्हणजे एकसष्ट वर्षं जुनं. आपल्या शिपायाला भविष्यातली बंदूक हवी नव्हती, साठ वर्षांपूर्वीची मिळाली असती तरी पुरे होतं. ती जगात मुबलक होती, आपल्या लष्कराकडे होती, फक्त त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने तर सरावाला पुरेसा दारूगोळा नसल्याकडेही बोट दाखवलं. ज्याने सरावच केलेला नाही त्याच्या हाती उद्या निघणारी बंदूक दिली तरी काय होणार?

बुद्धी आटल्याच्या आरोपाला पुण्याच्या पाषाणमधली शस्त्रास्त्र संशोधन संस्था, म्हणजे एआरडीई, हेच उत्तर आहे. तिथे आखलेल्या इन्सास रायफलीच्या मॅगझीनला कारगिलच्या थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्या, हे खरं. पण तो दोष प्लास्टिकच्या दर्जाचा आणि अपुऱ्या चाचण्यांचा होता, कल्पकतेच्या अभावाचा नव्हे. याच संस्थेने महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर ‘अस्मी’ हे 9 मिलिमीटरचं मशीन पिस्तूल घडवलं. लष्कराचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांची ती संकल्पना. खालचा भाग कार्बन फायबरचा, चापाचे भाग धातूच्या थ्रीडी छपाईचे, आणि हे सगळं चार महिन्यांत. जानेवारी 2021 मध्ये ते जाहीर झालं. लष्कराच्या नॉर्दर्न कमांडने 550 नगांची मागणी नोंदवली ती 2024 मध्ये. घडवायला चार महिने लागले आणि मागणी यायला तीन वर्षं. चिडायचंच असेल तर या फरकावर चिडावं.

नवी कल्पकता हल्ली दुर्बिणीच्या नेमात, रात्री पाहू देणाऱ्या काचांत आणि ड्रोनमध्ये जाते आहे. नागपूरला बनलेलं ‘नागास्त्र-1’ हे ड्रोन 2024 मध्ये लष्कराला मिळू लागलं. हुशार माणसं जिथे वाव आहे तिथे गेली, यात गैर काही नाही. माणूस मारण्याचं साधन दर वर्षी सुधारत नाही याचं मला दुःखही नाही.

माझं मागणं साधं आहे. सोनपेठ असो की गंगाखेड, पाथरी असो की मानवत, ठाण्यातल्या प्रत्येक शिपायाला वर्षाला ठरलेल्या गोळ्या झाडायला मिळाव्यात, त्याची नोंद ठेवली जावी आणि काडतुसांना दर्जाची हमी असावी. आमदार मतं मागायला येतील तेव्हा नवी रायफल कधी येणार हे विचारू नका. गेल्या वर्षी आपल्या ठाण्यातल्या शिपायांनी सरावात किती गोळ्या झाडल्या, तो आकडा मागा.