प्रस्तावनेचे झाले पाच खंड!

बालमित्रांनो,

परवा चौथीच्या वर्गात भागाकार घेत होते. फळ्यावर गणित घातलं : एका शेतकऱ्याला तीन मुलगे. त्याची १२ एकर जमीन सारखी वाटली, तर प्रत्येकाला किती? भराभर हात वर झाले. एक मुलगी मात्र गप्प. मी विचारलं, "काय गं, जमलं नाही का?" तर म्हणते कशी, "बाई, त्याला मुलगी नव्हती का?"

खरं सांगते, मी गडबडले. गणित तर मीच घातलं होतं! मग मला आठवण झाली ती महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांची. जमीनजुमला कुणाला मिळावा, याचे नियम कुठून आले आणि कसे बदलले, हे शोधण्यात त्यांनी उभं आयुष्य घालवलं.

काणे यांचा जन्म १८८० सालचा, चिपळूणजवळचा. शिक्षण दापोलीला आणि मुंबईला. आधी ते रत्नागिरीत आणि मुंबईत शाळामास्तर होते बरं का! नोकरी करता करताच कायदा शिकले. १९११ पासून मुंबईच्या हायकोर्टात वकिली केली आणि १९१७ ते १९२३ या काळात सरकारी लॉ कॉलेजात कायद्याचे प्राध्यापक होते.

तुम्ही म्हणाल, वकिलाला जुन्या पोथ्या कशाला हव्यात? त्याचीच तर गंमत आहे. त्या काळी हिंदू कुटुंबांतले वाटणीचे खटले जुन्या संस्कृत ग्रंथांच्या आधारे चालत. त्यातले दोन ग्रंथ आपल्याकडे महत्त्वाचे. एक ‘मिताक्षरा’, सुमारे ९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा ‘व्यवहारमयूख’, सतराव्या शतकातला. तो काशीच्या नीलकंठ भट्टांनी लिहिला. त्यांचं घराणं मूळचं आपल्या पैठणचं!

आता बायकोमुलं नसलेला एखादा माणूस वारला. आईवडील हयात आहेत. मिळकत कुणाची? पुण्याकडे मिताक्षरेचा मान मोठा. तिथे आधी आई. मुंबईत, उत्तर कोकणात आणि गुजरातेत मयूखाचा मान मोठा. तिथे आधी वडील. पोथी बदलली की निकाल बदलला! त्याच मयूखाने बहिणीला मात्र भावाच्या वारसांत बरीच वरची जागा दिली. म्हणजे पोथीतल्या एका ओळीवर कुणाचं घर राहायचं, कुणाचं जायचं. ती ओळ चुकीची वाचून कसं चालेल?

म्हणून काणे यांनी ‘व्यवहारमयूख’ची वेगवेगळी हस्तलिखितं समोर ठेवून, पाठ ताडून पाहून ग्रंथ छापला. साल १९२६. त्याला जोडायला धर्मशास्त्राच्या इतिहासावर प्रस्तावना लिहावी, असं त्यांच्या मनात आलं. पण कुठला ग्रंथ आधीचा, कुठला नंतरचा? बहुतेकांवर साल नाहीच! मग काणे गुप्तहेरासारखे माग काढत. या ग्रंथात त्या ग्रंथातलं वचन सापडलं, की हा नंतरचा, तो आधीचा. असे धागे जुळवता जुळवता प्रस्तावना वाढतच गेली. तिचे झाले पाच खंड! पहिला १९३० साली निघाला, शेवटचा भाग १९६२ साली. पानं साडेसहा हजारांच्या आसपास. पहिला खंड निघाला तेव्हा काणे पन्नाशीचे होते, काम संपलं तेव्हा ८२ वर्षांचे. पोटाच्या अल्सरने वर्षानुवर्षं छळलं, पण लेखणी खाली ठेवली नाही. मध्यंतरी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेचे सदस्य झाले. १९६३ साली भारतरत्न मिळालं. १९७२ साली ते गेले.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर? काणे राज्यसभेत होते, तेव्हाच, १९५६ साली, हिंदू वारसा कायदा झाला. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा ठरला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मापासून हक्क असे, मुलीला नसे. तो मुलीलाही महाराष्ट्रात १९९४ साली आणि सगळ्या देशात २००५ साली मिळाला.

काही जण म्हणतात, "आमच्यात पहिल्यापासून असंच आहे, मुलींना देत नाहीत." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? काणे यांचे खंड उघडले की कळतं, एकाच प्रश्नावर ग्रंथांची मतं वेगवेगळी होती आणि काळाबरोबर नियमही बदलत आले.

आता एक काम. या रविवारी आजीला किंवा आत्याला जवळ बसवून विचारा, "तुझ्या माहेरच्या घरात, जमिनीत तुझं नाव होतं का गं?" भांडायचं नाही हं, नुसतं ऐकायचं. आईबाबांनीही शेजारी बसून ऐकावं.

आणि हो, दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचं गणित बदललं. एका शेतकऱ्याला दोन मुलगे आणि एक मुलगी. त्याच्यामागे १२ एकर जमीन तिघांत सारखी वाटली, तर प्रत्येकाला किती? उत्तर तेच आलं, चार एकर. गप्प बसणारी ती मुलगी या वेळी सगळ्यांच्या आधी ओरडली!

तुमच्या लाडक्या
बाई