इथं काय ठेवलंय?

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आलो त्याच रात्री मेसच्या लाइनीत एक वाक्य कानावर पडलं. "अंबाजोगाईत काय ठेवलंय राव? चार वर्षं कशीतरी काढायची अन् पुण्याला पळायचं." मी लगेच मान डोलावली. नव्या पोराला ग्रुपमध्ये जागा मिळवायची तर दुसरं काय करणार?

पुढं दोन वर्षं मीही हेच वाक्य नव्या पोरांना ऐकवत राहिलो. रेल्वे धरायची तर परळी नाहीतर घाटनांदूर गाठा, रात्री नऊनंतर कुठं जायचं हा प्रश्नच नाही, वगैरे वगैरे. आणि मी तरी कुठला? पुण्या-मुंबईचा नव्हे, इथून जवळच्या लातूरचा! पण ऐट अशी, जणू विमानातून उतरलोय.

हा माज उतरवला आमच्याच एका सिनिअरनं. तो सध्या अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात एम.एस. करतोय. न्यूयॉर्क-शिकागोसारखं हे शहर सिनेमात दिसत नाही. वस्ती जेमतेम तीन लाखांची, म्हणजे त्यांच्या हिशेबात मध्यम गाव. पण पठ्ठ्या फोनवर त्या गावाबद्दल तासभर बोलतो! शनिवारी फिंडले मार्केटला भाजी आणायला जातो. तो बाजार 1855 पासून भरतोय. तिथली खासियत काय, तर शेवयांसारख्या स्पॅगेटीवर दालचिनी घातलेला खिम्याचा रस्सा अन् वर चीजचा डोंगर. 1922 साली बाहेरून आलेल्या भावांनी तो विकायला सुरुवात केली आणि आज गाव त्याला आपलाच म्हणतं. नदीवर रोबलिंगचा झुलता पूल आहे, 1866 मध्ये पूर्ण झालेला. याच रोबलिंगनं पुढं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा आराखडा केला. तिथली माणसं हे सगळं पाहुण्याला हौसेनं दाखवतात, म्हणे.

मग एकदा तो म्हणाला, "अरे, आपल्या हत्तीखान्याचे दोन-चार फोटो पाठव ना. इथल्या मित्रांना दाखवायचेत." मी गप्प. अडीच वर्षांत मी हत्तीखाना बघितलाच नव्हता. तो हसला अन् म्हणाला, "मीपण नाही बघितला रे. चार वर्षं होतो तिथं."

त्या रविवारी चालत गेलो. जयंती नदीच्या काठी खडकात खाली उतरून कोरलेलं अंगण, खांबांचा मंडप, मध्ये नंदीमंडप आणि झिजलेले दगडी हत्ती. मी सिव्हिलचा. भिंत वाकडी झाली तर पाडून परत बांधता येते, हे आम्हाला माहीत. पण खडक कोरताना एक छिन्नी जास्त बसली तर तो दगड परत चिकटवणार कसा? वरून खाली कोरत येताना खांबांची जागा आधीच डोक्यात पक्की पाहिजे. ड्रॉइंगच्या तासाला जे डोक्यावरून जातं ते तिथं उभं राहिल्यावर दहा मिनिटांत कळलं.

मग नादच लागला. गावाबाहेर डोंगरात मुकुंदराजांची समाधी. त्यांचा 'विवेकसिंधु' परंपरेनं शके 1110 चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा मानतात. दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांब अन् 4 फूट रुंद कापडावर ओव्या लिहिल्या, ती पासोडी याच गावची. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी याच गावात शाळामास्तर होते, तेव्हा गावाचं नाव मोमिनाबाद होतं. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्राला पार कोकणातून माणसं येतात. आम्ही त्याच वेळी रूमवर बसून 'बोअर होतंय' म्हणत असतो!

इथवर ठीक. पण खरी गोष्ट पुढं आहे आणि ती सांगायला जड जाते.

आमच्या रूमवर धारूरकडचा एक जण होता. फर्स्ट इयरला तो 'का' ऐवजी 'कामून' म्हणायचा. आम्ही त्याची नक्कल करायचो, सगळ्यात जास्त मीच. सहा महिन्यांत त्याचं 'कामून' बंद झालं. मग हळूहळू बोलणंच कमी झालं. घरचे काय करतात विचारलं की "शेती" एवढंच सांगायचा. थर्ड इयरच्या जानेवारीत एका रात्री लाइट गेली होती, तेव्हा अंधारात तो म्हणाला, "आई-बाप कोल्हापूरकडं ऊसतोडीला आहेत. दसरा झाला की जातात, उन्हाळ्यात येतात. माझी फी उचलीतून भरली." थोड्या वेळानं म्हणाला, "तुम्ही रोज म्हणता, इथं काय ठेवलंय. मला वाटायचं, मलाच म्हणताय."

मला काही बोलता आलं नाही. 'सॉरी' म्हणालो दुसऱ्या दिवशी, चहाच्या गाड्यावर. आता तो परत 'कामून' म्हणतो, अन् मीपण!

गैरसमज नको. पुण्याला जाऊ नका असं मी म्हणत नाही. नोकऱ्या तिकडं आहेत, मीही जाणार. पोटासाठी गाव सोडावंच लागतं, हे या जिल्ह्याला सांगायची गरज नाही. आणि अंबाजोगाईला 'मराठवाड्याचं पुणं' म्हणतात त्याचंही मला फार कौतुक नाही. हे गाव अंबाजोगाई आहे, तेवढं पुरे आहे. माझं म्हणणं एवढंच की चार वर्षं जिथं जेवलो, त्या गावाला नावं ठेवण्याआधी एकदा बघा तरी.

आमच्या सरांनाही नम्र विनंती. फर्स्ट इयरच्या स्वागताला लांबलचक भाषणांऐवजी एक रविवार हत्तीखाना अन् मुकुंदराज दाखवा. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला तेच तेच ग्राउंड मोजण्यापेक्षा एखादं वर्ष हत्तीखान्याचा मंडप मोजू द्या. मेसमध्ये आठवड्यातून एकदा सुशीला अन् धपाटे होऊ द्या. खर्च फारसा नाही.

परवा त्या सिनिअरला फोटो पाठवले. हत्तीच्या शेजारी आमचा धारूरकर उभा आहे. सिनिअरनं विचारलं, "हा कोण?" मी लिहिलं, "इथलाच आहे. गाव त्यानंच दाखवलं."

– तृतीय वर्ष, स्थापत्य