हात वाजवतो की खटका?

‘हल्ली वरातीत वाजंत्री कमी आणि वायरी जास्त’ ही तक्रार आपल्याकडे कोणीही करतो. प्राध्यापक मंडळी करतात, गल्लीतले म्हातारे करतात. आणि गंमत अशी, की डॉल्बीपुढे रात्री दहा वाजेपर्यंत बेभान नाचलेले आमचे वर्गबंधूही दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिताना हेच ऐकवतात. माझ्या मते या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. ती सोडवून पाहावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

या विषयावर मी का बोलावे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण वाजवणारे पुष्कळ. माझे मामा भगूरकडच्या एका बेंजो पार्टीत हलगी वाजवतात. लग्नसराईत त्यांच्या हातगाडीमागे चालत मी अख्खा लॅम रोड कितीदा पालथा घातला, याची गणती नाही. तेव्हा पुस्तकी ज्ञान थोडे असले तरी कानांचा अभ्यास बरा आहे.

प्रथम ऑक्टोपॅडविषयी. रबराच्या गादीखाली एक संवेदक असतो. काठी पडली की तो विजेचा बारीकसा ठोका देतो, आणि काठी किती जोराने पडली ते मोजून यंत्र आपल्या पोटात साठवलेला आवाज तेवढ्या जोराने बाहेर सोडते. जपानच्या रोलंड कंपनीचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली आला, तेव्हा त्याला स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो फक्त इशारा करायचा, आणि दुसरे यंत्र वाजायचे. (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ही सामाईक भाषा, मिडी, १९८३ सालची.) आता त्याच आठ गाद्यांतून ढोलकी, ताशा, टाळी, शिट्टी, वाटेल ते निघते. ‘नाशिक ढोल’सुद्धा निघतो! खुद्द नाशिक जिल्ह्यात नाशिक ढोल पेटीतून यावा, याचे हसू येते खरे. तरीही पॅड वाजवणाऱ्याला खोटा म्हणायला मी तयार नाही. त्याची काठी चुकली तर ठेका चुकतो. त्याला घाम येतो, त्याचे मनगट दुखते. आवाज साठवलेला असला तरी वेळ त्याची स्वतःची आहे.

‘पण हे आपले वाद्य नव्हे,’ असे कोणी म्हणेल. मग बेंजो तरी आपला कुठला? ज्याला आपण बेंजो म्हणतो, तो खरे म्हणजे बुलबुलतरंग. आणि त्याचे मूळ म्हणजे १९१२ साली जपानच्या नागोया शहरात निघालेले, टंकयंत्रासारख्या कळांचे ‘ताइशोगोतो’. त्याला तारेतून वीज दिली, कर्ण्यातून आवाज काढला, आणि दोन पिढ्यांत तो इतका आपला झाला की २०१६ साली त्याच्या नावाचा हिंदी चित्रपट निघाला. त्यामुळे परकेपणाचा मुद्दा मला पटत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे. कीबोर्डवर एक खटका दाबला की ठेका, बास, कोरस सगळे आपोआप चालू लागते आणि गाणे संपेपर्यंत चालतच राहते. इथे आवाजाबरोबर वेळही साठवलेली असते. वाजवणाऱ्याने तिच्यामागून चालायचे. पाश्चात्त्य रॉक बँडवाल्यांना हा अनुभव पन्नास वर्षांपूर्वीच आला. ‘द हू’ या इंग्लिश बँडचे १९७१ सालचे एक प्रसिद्ध गाणे आहे, ‘बाबा ओ’रायली’. त्यातले ‘बाबा’ म्हणजे मूळचे पुण्याचे आणि आपल्या अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला समाधिस्थ झालेले मेहेरबाबा. बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. या गाण्यात ऑर्गनची एक सुरावट चक्रासारखी फिरत राहते. रंगमंचावर ती टेपवरून लावत, आणि टेपशी ठेका जुळावा म्हणून ड्रमवाला कीथ मून कानांना हेडफोन बांधून बसे. मून म्हणजे उधळलेला बैल. त्याला यंत्राच्या दावणीला बांधलेले! १९७३ च्या नोव्हेंबरात न्यूकॅसलच्या कार्यक्रमात टेप आणि वादक यांचा मेळ फिसकटला, तेव्हा टाउनशेंडने भर कार्यक्रमात टेपच्या सामानाची मोडतोड केली. ‘क्वीन’ बँडने याहून सरळ मार्ग काढला. त्यांच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला अनेक आवाजांचा भाग मंचावर गाणे अशक्य, म्हणून तेवढा वेळ ते सरळ मंच सोडून जात आणि टेप वाजू देत. मला हे आवडते. जे आपण वाजवत नाही, ते वाजवल्याचा आव त्यांनी आणला नाही.

रॉकच्या कार्यक्रमात निदान श्रोते खुर्चीवर नाहीतर मैदानात असतात आणि गाणे ठरलेले असते. वरातीचे तसे नाही. नवरदेवाचा घोडा बुजला की थांबायचे. नवरीचा मामा नाचायला उतरला की त्याच्यावरून नोटा ओवाळून होईपर्यंत तोच मुखडा पाचदा, दहादा घ्यायचा. पोरे दमली की लय किंचित सैल सोडायची आणि चौक आला की चढवायची. हे सगळे हलगीवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून करतो. साठवलेल्या ठेक्याला पाय दिसत नाहीत. परवाच्याच एका वरातीत घोडा पुलाजवळ अडला आणि गाणे मात्र पुढे निघून गेले. शेवटचा तोडा वाजला तेव्हा नाचायला कोणी जागेवर नव्हते.

पैशाचा प्रश्न मी नाकारत नाही. ‘सैराट’च्या संगीतासाठी अमेरिकेत मोठा वाद्यवृंद वाजवून घेतला होता. तीच गाणी देवळालीच्या वरातीत हवीत, तर चाळीस व्हायोलिनवाले कोठून आणायचे? व्हायोलिनचा आवाज कीबोर्डातून येऊ द्या. माझे म्हणणे एवढेच, की ती पट्टी कोणीतरी बोटाने दाबावी. आपल्या गॅदरिंगलाही ऑर्केस्ट्रा ठरवताना ‘ट्रॅक किती आणि वादक किती’ हे प्रतिनिधींनी आधी विचारावे, आणि ट्रॅकवरचे गाणे निवेदकाने तसे सांगून लावावे. त्यात कमीपणा कसला?

आणखी एक बाब आहे, तिची चर्चा कोणी करत नाही. गेल्या पावसाळ्यात पार्टीच्या पॅडवाल्याने मामांची हलगी मोबाइलवर टिपून घेतली आणि तिचे सुटे ठोके पॅडमध्ये भरले. हलगी जाळावर शेकावी लागते, दमट हवेत तिचे कातडे सैलावते. पॅडातली हलगी बारमाही कडक. आता छोट्या सुपारीला मामांना बोलावणे येत नाही, पण त्यांची हलगी जाते. जाड टिपरूचा घुमारा आणि बारीक काडीचा कडकडाट, दोन्ही त्यांचेच. ऐकताच मी ओळखतो. बिदागीची वाटणी होते तेव्हा माणसांमागे एकेक वाटा आणि पॅडचा, कीबोर्डचा वेगळा वाटा असतो, कारण यंत्राला हप्ते असतात. पॅडच्या त्या वाट्यात हलगीचा हिस्सा धरावा, असे मी पार्टीच्या मालकांना सुचवले. त्यांनी मला चहा पाजला. ‘तू शिकलेला पोरगा, बरोबरच बोलतोस,’ असेही म्हणाले. हिस्सा किती, ते पुढच्या सुपारीला बघू, म्हणाले. पुढची सुपारी तुळशीच्या लग्नानंतरची आहे, तीही छोटीच.