खांद्यावर पडलात? कॉलरबोन तपासून घ्या



गळ्याखाली हात फिरवून पाहा. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्यापर्यंत गेलेले आडवे हाड हाताला लागते. तेच कॉलरबोन. सायकलवरून, जिन्यावरून माणूस खांद्यावर आपटला की पुष्कळदा हेच हाड मोडते.

हाड कुठे मोडले, याला फार महत्त्व आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात प्रौढांच्या १००० मोडलेल्या कॉलरबोनची पाहणी झाली. ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. शंभरांत सुमारे ६९ हाडे मधल्या भागात, २८ खांद्याकडे आणि ३ छातीकडे मोडलेली आढळली. मधला भाग बारीक, त्याला आधारही कमी. म्हणून तोच जास्त मोडतो.

मधला मोड ओळखणे सोपे. सूज येते, टेंगूळ दिसते, रोगी दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून बसतो. साध्या एक्स-रेत तो बहुधा दिसतो. तुकडे फार सरकले नसतील तर हात गळ्यात बांधून मुलांचे हाड साधारण ३ ते ६, मोठ्यांचे ६ ते १२ आठवड्यांत जुळते.

खांद्याकडचा मोड मात्र 'मुका मार आहे' म्हणून अंगावर काढला जातो. त्याचे तुकडे सरकले असतील तर हाड न जुळण्याचा धोका जास्त. ऑपरेशनही लागू शकते. छातीकडचा मोड साध्या एक्स-रेत निसटू शकतो. तेव्हा एक्स-रे चांगला आला तरी दुखणे राहिल्यास पुन्हा दाखवा. डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील.

माता-भगिनींनो, बाळंतपणात बाळाचे सर्वांत जास्त वेळा मोडणारे हाड हेच. बाळ एक हात हलवत नसेल, उचलताना रडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. घाबरू नका, ते लवकर जुळते. पण तेल लावून चोळू नका.

मोठ्यांनीही मोडलेल्या जागी मालीश करून घेऊ नये. बोटे बधिर वा गार पडली, धाप लागली, हाडाचे टोक कातडीला आतून टोचू लागले किंवा जखम झाली, तर तडक रुग्णालय गाठा.

एक दिवसाचा रोज बुडेल म्हणून दुखणे लपवू नका. ज्या हातावर घर चालते, तो हात आधी जपा.