टीबीच्या गोळीची किंमत कोण ठरवते?

‘साधी औषधे लागू पडत नाहीत, हा एमडीआर टीबी आहे,’ असे सांगितले की नातेवाईकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. रुग्ण बरा होईल ना? आणि खर्च किती येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी जिनिव्हातील व्यापार करार, दिल्लीतील कायदा आणि मुंबईतील पेटंट कार्यालय यांच्याकडे असते.

औषध कोणते?

आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या दोन मुख्य औषधांना जंतू दाद देत नाहीत, तेव्हा त्याला एमडीआर टीबी म्हणतात. पूर्वी यासाठी महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यामुळे काहींची श्रवणशक्ती कायमची जात असे. 2012 च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बेडाक्विलिन या गोळीने चित्र बदलले. आज एमडीआर टीबीच्या उपचारात ती मध्यवर्ती आहे.

पेटंटचा संबंध काय?

1970 च्या भारतीय कायद्यात औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे. म्हणून आपल्या कंपन्या तेच औषध वेगळ्या पद्धतीने स्वस्तात बनवू शकत. 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार लागू झाला आणि 2005 पासून भारताला औषधांवरही 20 वर्षांचे पेटंट द्यावे लागले. संशोधनाचा खर्च वसूल व्हायला हवा, हे कंपन्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण तेवढा काळ बाजारात स्पर्धा नसते.

2001 च्या दोहा जाहीरनाम्यात सदस्य देशांनी मान्य केले, की या करारामुळे सार्वजनिक आरोग्य जपण्यात अडथळा येऊ नये. 2005 मध्ये कायदा बदलताना भारताने कलम 3(डी) घातले. जुन्याच औषधाचे रूप थोडे बदलले, पण परिणामकारकता वाढली नाही, तर नवे पेटंट मिळत नाही. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी हेच कलम उचलून धरले.

दोन रुग्णांची हरकत

बेडाक्विलिनचे मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने याच औषधाच्या एका क्षाररूपासाठी वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. 2019 मध्ये मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्यावर हरकत घेतली. दोघीही टीबीतून बऱ्या झालेल्या आणि दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या इंजेक्शनांमुळे गेलेली. मार्च 2023 मध्ये मुंबई पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि भारतीय कंपन्यांना जेनेरिक बेडाक्विलिन बनवण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी जगभरच्या टीबी कार्यक्रमांसाठी औषध खरेदी करणाऱ्या ग्लोबल ड्रग फॅसिलिटीकडे या कंपनीच्या सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत निम्म्याहून खाली, 130 डॉलरवर आली.

गोळी मोफत मिळते, मग आपल्याला काय?

सिन्नर असो वा सुरगाणा, सरकारी कार्यक्रमात ही गोळी रुग्णाला मोफत मिळते. पण सरकार ती विकत घेते. किंमत उतरली की त्याच पैशांत अधिक रुग्णांना औषध देता येते. जगातील दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे, म्हणून हा फरक मोठा ठरतो.

हा मार्ग मात्र पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. मार्च 2024 च्या नव्या नियमांनुसार पेटंटपूर्व हरकतीसाठी शुल्क भरावे लागते आणि ती दाखल करून घ्यायची का, हे अधिकारी आधी ठरवतो. मुक्त व्यापार करारांच्या वाटाघाटींत युरोपीय देशांनी ‘डेटा एक्सक्लुझिव्हिटी’ची मागणी वेळोवेळी केली आहे. ती मान्य केली तर मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या आधारे जेनेरिकला काही वर्षे परवानगी मिळणार नाही, पेटंट नसले तरीही. व्यापार कराराच्या बातमीत निर्यात आणि आयात शुल्काचीच चर्चा होते. औषधांबद्दल काय कबूल केले, हेही रुग्णांनी विचारायला हवे.

घरी एमडीआर टीबीचा रुग्ण असेल तर

• जिल्हा क्षयरोग केंद्रात नोंदणी करा. खासगी डॉक्टरांकडे उपचार सुरू असले तरी नोंद हवीच. हेल्पलाइन: 1800-11-6666.
• बेडाक्विलिनवर आधारित सहा महिन्यांचा बीपाम उपचार लागू होतो का, ते विचारा. तो प्रत्येकाला चालत नाही.
• ईसीजी आणि रक्ततपासण्या चुकवू नका. छातीत धडधड, चक्कर, पायांना मुंग्या किंवा नजर अंधुक झाल्यास लगेच कळवा, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
• जेनेरिक म्हणजे दुय्यम नव्हे. औषध तेच असते आणि परवानगीसाठी गुणवत्ता सिद्ध करावी लागते.
• निक्षय पोषण योजनेचे महिना 1,000 रुपये खात्यात येतात का, ते पाहा. येत नसतील तर क्षयरोग केंद्रात चौकशी करा.