उचललेलं आणि उपटलेलं

गेल्या महिन्यात एका परिचितांच्या नव्या फार्महाऊसची वास्तुशांत होती, मुळशीकडे. जेवण उत्तम होतं, खोटं कशाला बोलू! पण ज्या टेबलावर जेवलो ते टेबल म्हणजे एक दरवाजा होता. अस्सल सागवानी, पितळी फुल्यांचा, वर काच टाकलेली. मालक कौतुकाने सांगत होते, "काकू, इथलं सगळं जुनं सामान आहे हं. शनिवार-रविवार येऊन आम्हीच लावलंय. एकही नवं झाड तोडलं नाही. हा दरवाजा कोकणातल्या एका घराचा."

मी विचारलं, "घर पडलं होतं का?"

"छे हो! चांगलं उभं होतं. पण मालकाला पैसे हवे होते, एजंटने बरोबर हेरलं."

पुढची जिलबी काही गोड लागली नाही. पाहुणी म्हणून गेलेल्या घरी वाद घालायचा नाही, एवढं शहाणपण चौऱ्याहत्तराव्या वर्षी आलंय, म्हणून गप्प बसले. इथे मात्र बोलणार आहे.

मंडळी, पडलेलं उचलणं वेगळं आणि उभं असलेलं उपटणं वेगळं. आजकाल दोन्हीला 'जुन्याचा पुनर्वापर' असं एकच गोंडस नाव मिळालंय. उभ्या घराचा दरवाजा काढला की चौकटीच्या जागी पत्रा ठोकतात. मग पाऊस आत येतो, वाळवी येते आणि दोन-तीन पावसाळ्यांत मागची भिंत बसते. मग तोच एजंट खांब न्यायला येतो. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. दरवर्षी शाकारणी करायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. दोष देते तो घेणाऱ्याला, कारण प्रश्न विचारणं त्याला परवडत होतं.

हे मी कोरडेपणाने सांगत नाहीये. आमचं सासरचं घर दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमच्याकडेही हाहाकार करून गेलं. पडवीवर माड आडवा झाला, अर्ध्या छपराची कौलं गेली. करोनामुळे पुण्याहून कोणी जाऊ शकलं नाही. घराने तो पावसाळा उघड्यावर काढला. पुढच्या वर्षी माजघराची भिंत गेली. त्यानंतर एक व्यापारी आला आणि खांब, तुळया, दारं असं सगळं उक्त्यात मागू लागला. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, देऊन टाकू. भंगार सांभाळत बसायचं वय आहे का तुमचं?" मी नाही म्हटलं. त्या गणपतीत आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. (भाऊजी, तुम्ही हे वाचताय ठाऊक आहे. वाचा.)

गंमत म्हणजे भाऊजींचाच मुलगा माझ्या बाजूने उभा राहिला. २०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही एक आड एक शनिवारी जाऊ लागलो. तो, मी आणि गावातले सुतारदादा. मी काय करायची? बसून निवड करायची. मंगलोरी कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर त्यात तडा आहे, बाजूला ठेवायचं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्यापेक्षा हे काम सोपं! नऊशेच्या आसपास कौलं चांगली निघाली. तुळया-खांब खाच आणि लाकडी खुंटीने जोडलेले होते. दादांनी खुंट्या ठोकून बाहेर काढल्या आणि लाकूड न फाटता सुटं झालं. जांभ्याचे चिरे मातीत बसवलेले होते, ते हाताने मोकळे झाले.

आणि मग आली न्हाणी. ही १९९१ साली आम्ही दोघांनी माझ्या पगारातून बांधली होती. 'पक्की' हवी म्हणून चिरे सिमेंटात बसवले होते. केवढा अभिमान होता मला त्या न्हाणीचा! तिच्यातला एकही चिरा अख्खा निघाला नाही. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर आम्हाला पुन्हा वापरता आलं आणि मी बांधलेल्याचा नुसता चुरा झाला. तो नव्या जोत्यात भराव म्हणून टाकला. त्या दिवशी घरी येताना गाडीत मी काही बोलले नाही.

उचललेलं सगळंच वापरावं असंही नाही. गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे होते. पुतण्या म्हणाला, कापून खतखड्ड्याला कडेने लावू. मी हात धरला. असल्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कापताना-फोडताना त्याची धूळ छातीत गेली तर दुखणं कित्येक वर्षांनी वर येतं, तेही कर्करोगापर्यंतचं. ओले करून, न फोडता, जसेच्या तसे उतरवले आणि बाजूला झाकून ठेवले.

२०२३ च्या पावसाळ्याआधी दहा बाय चौदाची एक खोली आणि पुढे पडवी उभी राहिली. आता हिशोब. स्वस्त पडलं का? नाही! मजुरी, जाणं-येणं, खिळे उपटण्यात गेलेले दिवस धरले तर नवी पत्र्याची शेड कमी पैशात आणि आठवड्यात झाली असती. 'जुनं म्हणजे फुकट' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण उद्या यातलं एखादं कौल फुटलं तर गावातला माणूस शिडी लावून बदलेल. आणि पुतण्याच्या मुलांना ही खोली नको झाली तर खुंट्या काढून तेच लाकूड दुसरीकडे लावता येईल. या खेपेला चिरे मातीतच बसवलेत, वरून फक्त चुन्याच्या दर्जा भरल्यात.

कोणी म्हणेल, मग चंदीगडच्या नेकचंदांचं काय? त्यांनीही टाकाऊ वस्तूंची शोभाच केली ना? केली, आणि मला ती फार आवडते. रस्त्यांच्या खात्यातला हा माणूस १९५७ पासून नोकरी सांभाळून गुपचूप रॉक गार्डन रचत होता. ते १९७६ साली लोकांसाठी उघडलं. पण नवं शहर वसवताना जी गावं पाडली गेली, त्यांचा राडारोडा त्यांनी गोळा केला. फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशा. त्यांच्या बागेसाठी कोणाच्या घराचं दार निघालं नाही. माझा राग शोभेवर नाहीच.

तेव्हा ज्यांनी गावाकडे जमिनी घेतल्यात आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने काही उभं करताय, त्यांना एवढंच सांगणं. हौस जरूर करा. पण जुनं दार, खांब, झोपाळ्याच्या कड्या घेताना 'कुठल्या घराचं? ते घर आज कसं आहे?' हे विचारा. उत्तर 'उभं आहे' असं आलं, तर हात मागे घ्या. जमलं तर तेवढ्याच पैशांत त्या घराची शाकारणी करून द्या. तुमचं फार्महाऊस काही त्या दारावाचून अडत नाही.

भाऊजी या मे महिन्यात चार दिवस त्या खोलीत राहून आले. "गार असते हो वहिनी," एवढंच म्हणाले. व्यापाऱ्याचं नाव नाही काढलं.

असो. बरंच लांबलं. पटलं नसेल तर भांडा, मला चालतं.